पट्टी कोणती?

आनेकलला राहायला आल्यावर शांत घर मिळाले आणि मी डॅकच्या नादी लागलो. डॅक म्हणजे डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टर. फोनमध्ये किंवा संगणकात गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करून ती अॅम्प्लिफायरकडे पाठवण्याचे काम हा ठोकळा करतो. प्रत्येक फोनच्या पोटात असा एक कन्व्हर्टर असतोच. पण हौशी माणूस तो वेगळा विकत घेतो, आणि एकदा घेतला की त्याहून चांगला कुठला, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. बंगळूर शहरात, रस्त्याला लागून असलेल्या घरात, असल्या तुलनेला अर्थ नव्हता. आनेकलला रात्री दहानंतर कुत्र्यांखेरीज कोणी बोलत नाही.

माझ्याकडे तीन डॅक जमले. एक बोटाएवढा, हजार रुपयांच्या आतला, फोनला लावायचा. दुसरा टेबलावर ठेवायचा, बारा हजारांचा. तिसरा एका मित्राकडून महिनाभरासाठी आणलेला, त्याची किंमत लाखावर. पहिल्या आठवड्यात मला तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक ऐकू आला. महागड्या डॅकवर तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या होत होत्या, गायकाच्या भोवती हवा जाणवत होती. मग शहरातल्या एसपी रोडवरून आणलेला मल्टिमीटर काढला, 1,000 हर्ट्झचा सलग सूर वाजवून तिन्हींचे व्होल्टेज मोजले, आणि लक्षात आले की लाखाचा डॅक बाकी दोघांपेक्षा किंचित मोठा वाजत होता. एक डेसिबलही नसेल. पण कान एवढ्या फरकाला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘चांगला’ म्हणतो.

आवाज समान करून मुलीला बोलावले. तिने पडद्यामागे वायर बदलायची, कागदावर टिपायचे, मी ओळखायचे. सोळा वेळा झाल्यावर तिने हिशेब केला. “बाबा, नऊ बरोबर. नाणं उडवलं असतंस तरी आठ आले असते.”

एक खरा फरक तेवढा सापडला. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना बारा हजारांच्या डॅकमधून बारीक गुणगुण यायची. चार्जर काढून बॅटरीवर ठेवले की ती जायची. म्हणजे दोष कन्व्हर्टरमध्ये नव्हता, भिंतीतल्या अर्थिंगमध्ये होता. हा शोध फुकटात लागला.

असे का व्हावे, याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात आहे. आवाजाचे आकडे करण्याची कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला 1937 साली पॅरिसमध्ये सुचली, आणि ती सुचली टेलिफोनसाठी. लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि ते आकडे पुढे पाठवायचे. जितकी उंच पट्टीची लहर पकडायची, तिच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला मोजले पाहिजे, हे गणित क्लॉड शॅनन यांनी 1949 च्या लेखात नीट मांडले. माणसाचा कान 20,000 हर्ट्झच्या वर जात नाही. तेव्हा 40,000 च्या थोडे वर पुरे.

सीडीचा 44,100 हा चमत्कारिक आकडा मात्र गणितातून आलेला नाही. सत्तरच्या दशकात इतके आकडे साठवायला सोयीचे यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. त्याच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मापे बसत. 245 ओळी गुणिले 3 गुणिले सेकंदाला 60 क्षेत्रे म्हणजे 44,100. युरोपातल्या पद्धतीत 294 गुणिले 3 गुणिले 50, तेही 44,100. दोन्ही खंडांच्या टीव्हीला चालेल असा आकडा निवडला गेला आणि तोच पुढे जगभरच्या गाण्याचे माप झाला.

पहिला सीडी प्लेअर ऑक्टोबर 1982 मध्ये जपानात विक्रीला आला. सोनीच्या त्या यंत्रात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी मिळून एकच कन्व्हर्टर होता. तो आळीपाळीने दोन्हीकडे काम करी. फिलिप्सकडे तेव्हा 16 बिटांची चिप तयार नव्हती. त्यांनी 14 बिटांचीच चिप चौपट वेगाने चालवून, चुकीचा गोंगाट ऐकू न येणाऱ्या वरच्या भागात ढकलून, 16 बिटांची बरोबरी साधली. ही युक्ती पुढे इतकी वाढली की ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकाच बिटावर, पण प्रचंड वेगाने चालणारे कन्व्हर्टर आले. तिचे मूळ 1962 साली टोकियोत इनोसे आणि यासुदा यांनी मांडलेल्या पद्धतीत होते. आजचे बहुतेक डॅक त्याच वंशातले. माझ्या टेबलावरच्या डॅकमधली चिप बर-ब्राउन या जुन्या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातली आहे. ती कंपनी 2000 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स 1985 सालीच बंगळूरला आली होती. आनेकलहून शहराकडे जाताना लागते ती इलेक्ट्रॉनिक सिटी त्याआधीची, 1978 ची. म्हणजे ज्या विद्येचा ठोकळा मी परदेशी म्हणून कौतुकाने उघडून पाहत होतो, ती विद्या माझ्या बसच्या वाटेवरच राहत होती.

16 बिट म्हणजे आवाजाच्या 65,536 पायऱ्या. सर्वांत मोठा आवाज आणि गोंगाटाची तळपातळी यांत सुमारे 98 डेसिबलचे अंतर. मी ऐकतो ती बहुतेक जुनी गाणी शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, तबकड्यांवरची. तिथे गाणे आणि खरखर यांतले अंतर साधारण 40 डेसिबल, तबकडी चांगली असेल तर थोडे अधिक. विहिरीची खोली मोजायला समुद्राची दोरी आणावी तसा हा प्रकार. हजार रुपयांचा डॅकसुद्धा या गाण्यांसाठी गरजेपेक्षा कितीतरी चांगला आहे. लाखाचा डॅक परत केला आणि विषय संपला, असे मला वाटले.

विषय संपला नाही, कारण त्या सोळा फेऱ्यांत मी एक चूक केली होती. एका फेरीत मुलीने त्याच पदाची दुसरी फाइल लावली. विद्युत ध्वनिमुद्रण येण्याआधीचे एक नाट्यपद माझ्याकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले होते. तबकडी तीच, डिजिटल प्रती दोन. हा फरक मला डोळे मिटून, पहिल्या आलापातच कळला. एका प्रतीत गायक पेटीच्या काळी दोनच्या जवळ गात होता, दुसऱ्या प्रतीत पांढरी तीनला. पूर्ण अर्धा स्वर वर. दुसऱ्या प्रतीत आवाज पातळ, व्यंजने टोचरी आणि तान अधिक पाणीदार.

यातला माणूस खरा कोणता?

मैफलीत पेटीवाला गायकाला सर्वांत आधी विचारतो, “पट्टी कोणती?” राग कळायला मागाहूनही चालते; षड्ज कुठे हे आधी लागते. पाश्चात्त्य संगीतात हा प्रश्न कागदावर सुटलेला असतो. स्वरलिपीत ‘अ’ लिहिलेला असेल तर तो ‘अ’च, आणि जुन्या तबकडीचा वेग त्यावरून लावता येतो. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा. तबकडीवर रागाचे नाव असते, कधी तालाचे असते, पट्टीचे नसते. म्हणून वेग चुकला तर आपल्याला कळत नाही. आपल्याला एक वेगळाच गायक ऐकू येतो.

आणि वेग चुकत असे. फ्रेड गायस्बर्ग 1902 साली कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचा आवाज त्याने मेणाच्या चकतीवर उतरवला, तिथून हिंदुस्थानी संगीताच्या व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवात धरतात. भोंग्यापुढे उभे राहून मोठ्याने गायचे, तीन मिनिटांत आटोपायचे, शेवटी स्वतःचे नाव सांगायचे. चकती फिरवणाऱ्या यंत्राचा वेग कंपनीप्रमाणे, कधी एकाच मुक्कामात दिवसाप्रमाणे बदले. ‘78’ हा आकडा सर्वमान्य झाला तो पुढे, विजेच्या मोटरी आल्यावर. आणि तेव्हाही तो नेमका 78 नव्हताच. 60 हर्ट्झ वीज असलेल्या देशांत 78.26, आपल्यासारख्या 50 हर्ट्झच्या देशांत 77.92. हा फरक क्षुल्लक आहे. पण 74 ने कापलेली तबकडी 78 ने वाजवली तर सूर पाच टक्क्यांहून अधिक चढतो, आणि सहा टक्क्यांना अर्धा स्वर होतो.

आता हा आकडा डॅकच्या जाहिरातीशेजारी ठेवून पाहा. चांगल्या डॅकची महती सांगताना त्याच्या घड्याळाविषयी बोलतात. आकडे लहरीत बदलताना प्रत्येक माप अचूक क्षणी बाहेर पडले पाहिजे. तो क्षण सेकंदाच्या अब्जाव्या भागानेही हलू नये, म्हणून पैसे मोजायचे. साध्यातल्या साध्या डॅकचे क्वार्ट्झ घड्याळही लाखात काही भाग एवढेच चुकते. आणि त्याच्यापुढे येणारी फाइल शंभरात पाच भाग चुकलेली. घड्याळ चोख, पण चुकलेल्या वेळेला लावलेले.

याचा परिणाम फक्त माझ्या कानापुरता नाही. भास्करबुवा बखले यांच्या गाण्याची तबकडी मागे नाही, म्हणून त्यांच्याविषयी आपण ऐकीव बोलतो आणि तसे कबूल करतो. ज्यांच्या तबकड्या आहेत त्यांच्याविषयी मात्र पुराव्याने बोलतो, असे आपल्याला वाटते. अमक्यांचा आवाज किती उंच, तमक्यांची तान किती जलद, त्या काळी लय कशी चढी होती, अशी वाक्ये मी वाचली आहेत आणि मान डोलावली आहे. वेग पाच टक्के चढला की पट्टी चढते, लय चढते, तान जलद होते, आणि आवाजाचा घाटही बारीक होतो. ज्या तयारीला आपण दाद देतो, तिच्यातला काही भाग मोटरचा असू शकतो. मेलेल्या माणसाला “बुवा, पट्टी कोणती?” असे विचारता येत नाही.

स्वर मोजून ठरवावा, ही धडपड आपल्याकडे याच सुमारास चालू होती, हे या गोष्टीतले विशेष. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींची कंपने मोजून त्यांनी 1910 साली आपले इंग्रजी पुस्तक काढले. गळ्याचा पुरावा म्हणून त्यांच्यासोबत होते मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब. इ. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने हे काम पुढे नेले आणि लंडनच्या मूर अँड मूरकडून बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पुढे आली, तेव्हा वाद पेटला. गायकाचा कोमल ऋषभ पेटीच्या एका पट्टीत कायमचा बांधता येतो का, हा त्या वादाचा मुद्दा होता. मोजणाऱ्यांनी दोन स्वरांमधले अंतर केसाएवढे मोजले. आणि त्याच काळात त्याच खाँसाहेबांच्या पिढीचा आवाज ज्या चकतीवर उतरत होता, ती चकती किती वेगाने फिरते हे कुठे लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती.

एक तबकडी मात्र अशी आहे की तिच्या वेगाविषयी कोणाला शंका राहू नये याची पुरेपूर काळजी घेतली गेली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घेतली गेली. ती डिजिटल नाही. खाचांची, सुईने वाजवायचीच आहे. परग्रहावरच्या कोणाला ती सापडली तर त्याला ‘मिनिटाला इतके फेरे’ म्हणजे काय हे कळणार नाही, कारण मिनिट आपले. म्हणून आवरणावर वेग कोरला आहे तो हायड्रोजनच्या अणूच्या भाषेत: त्या अणूच्या एका ठरावीक बदलाला लागणारा वेळ, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या 0.70 पट, हे एकक. आणि त्या एककांत एका फेऱ्याचा काळ, जो आपल्या हिशेबाने 3.6 सेकंद होतो. व्हॉयेजर-1 ने 5 सप्टेंबर 1977 ला पृथ्वी सोडली. केसरबाई 16 सप्टेंबरला गेल्या. आंतरतारकीय अवकाशात गेलेल्या प्रतीची पट्टी अणूंनी बांधून दिली आहे, आणि माझ्या हार्ड डिस्कवर एका पदाला दोन पट्ट्या आहेत.

इथे मला आजोबांची पेटी आठवली. म्हणजे दोन्ही पेट्या: वाजवायची आणि तबकड्यांची. आजोबा मिरजेचे. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. अशा ग्रामोफोनला वेग कमीजास्त करायचा एक छोटा स्क्रू असतो. वडील सांगत की नवी तबकडी आणली की आजोबा आधी हार्मोनियम उघडून बसत. गायकाला त्यांनी नाटकात ऐकलेले असे. नाटकाला पायपेटी किंवा ऑर्गन असल्यामुळे पट्टी ठाम असायची आणि पेटी वाजवणाऱ्याच्या ती ध्यानात राहायची. मग सूर जुळेपर्यंत तो स्क्रू फिरवायचा आणि तबकडीच्या कागदी वेष्टनावर पेन्सिलीने लिहायचे: ‘काळी 2’. आम्हा मुलांना ती म्हाताऱ्याची लहर वाटे. मिरजेहून सामान आले तेव्हा मी वेष्टने फेकून नवी प्लास्टिकची घालणार होतो. आळसामुळे राहिले.

त्या पदाची तबकडी पेटीत निघाली. वेष्टनावर ‘काळी 2’.

डॅकसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी वेग बदलता येणारा एक टर्नटेबल आणि 78 च्या तबकड्यांची सुई घेतली. लाँगप्लेची सुई इथे चालत नाही. या खाचा रुंद असतात, त्यांना सुमारे इंचाच्या तीन हजारांश त्रिज्येचे टोक लागते, बारीक सुई तळाशी खरडत जाते आणि खरखरच उचलते. हल्लीच्या फोनो अॅम्प्लिफायरमधली स्वरांची भरपाई 1954 नंतर रूढ झालेल्या प्रमाणाची असते; ती जुन्या तबकडीला लावली तर आवाज मुळाहून बदलतो, म्हणून ती वगळावी लागते. आणि आता मला ज्याची गरज होती तो कन्व्हर्टर उलट्या दिशेचा होता, लहरीचे आकडे करणारा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस 24 बिट आणि शक्य तर 96,000 मापांची आहे. खरखर 16 बिटांतही मावली असती. पण पुढे कोणाला वेग बदलायचा असेल, तडतड काढायची असेल, तर जागा हवी. मूळ प्रतीतली खरखर पुसायची नाही, असे ठरवले. ती पुसताना शब्दांतले स, श, ष सोबत जातात.

डॅक नंतर कधीही बदलता येतो. वीस वर्षांनी याहून चांगला मिळेल, स्वस्तही मिळेल. आकडे करण्याची वेळ मात्र प्रत्येक तबकडीच्या वाट्याला एकदा किंवा दोनदाच येते. लाख ठिसूळ होते, घरे बदलतात, एखादी हातातून पडते. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स 1990 पासून आणि बंगळुरातले आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक अलीकडच्या काळात हेच काम करत आले आहेत. सगळे सोपस्कार असलेला महाग डॅक घेऊन मी ज्या प्रती ऐकतो, त्या अशाच कोणीतरी रात्री बसून, सुई पुसून, वेग लावून केलेल्या असतात. त्या एका माणसाच्या कानाने जे ठरवले त्यापुढे माझा डॅक जाऊ शकत नाही.

तबकडी 78 ने लावली आणि आजोबांच्या हार्मोनियमवर काळी दोन दाबली. गायक वर राहिला. वेग हळूहळू उतरवत नेला. 74 च्या आसपास तो पेटीत येऊन बसला, आणि पातळ वाटणारा आवाज भरला. तान थोडी संथ झाली. पण आता तिच्यातला प्रत्येक दाणा मोजता येत होता.

हा अंतिम निकाल आहे असे मी म्हणत नाही. ट्यूनर लावून पाहिले तर ही पेटी आजच्या 440 च्या प्रमाणाहून किंचित चढी आहे. तिचे सूर जुने, काही गंजलेले. नाटकातला ऑर्गन वेगळ्या प्रमाणाचा असू शकेल. त्या रात्री तबकडीसाठी गायकाने मुद्दाम खालची पट्टी घेतली असेल. आजोबांची पेन्सिल म्हणजे एका ऐकणाऱ्याची साक्ष, एवढेच. पण दोन्ही डिजिटल प्रतींबरोबर एवढीही साक्ष आलेली नव्हती. वेग कोणी ठरवला, कशावरून ठरवला, एक ओळ नाही.

आता शनिवारी रात्री आम्ही दोघे दोन-तीन तबकड्या उतरवतो. मुलगी फाइलचे नाव टाकते: गायक, पद, तबकडीचा क्रमांक, आणि शेवटी वेग आणि पट्टी. कुठल्या पुराव्यावरून ते वेगळ्या वहीत. ज्या वेष्टनावर काहीच नाही, तिथे ती मोकळी जागा ठेवते. परवा एक वेष्टन निघाले, त्यावर आजोबांनी ‘काळी 1’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते.

“याचं काय लिहू?” तिने विचारले.

प्रश्नचिन्हासकट लिही, म्हणालो.